पहारा आणि पाळत



एका रात्रीत गल्लीतल्या दोन मोटारसायकली चोरीला गेल्या की दुसऱ्या दिवशी घरोघरी तोच विषय निघतो. संध्याकाळपर्यंत थोरला मुलगा बाजारातून एक छोटा पांढरा कॅमेरा घेऊन येतो. दाराच्या चौकटीवर तो बसवला जातो, वायफायला जोडला जातो आणि घरातल्या तीन-चार मोबाइलवर आपल्याच उंबरठ्याचे चित्र दिसू लागते. हा कॅमेरा एका जागी खिळलेला नसतो. समोर काही हलले की तो आपण होऊन मान वळवतो आणि हलणारी वस्तू नजरेआड होईपर्यंत तिच्यामागे फिरत राहतो. त्याला 'ऑटो ट्रॅकिंग' म्हणतात. मुलाने ते बटण सुरू केलेले असते. घरातली सर्व मंडळी निश्चिंत होतात.

समजा, चार दिवसांनी समोरच्या घरातली दहा-बारा वर्षांची मुलगी तुम्हाला विचारते, "चाचा, मी इथून गेले की तुमचा कॅमेरा माझ्याकडे का वळतो?"

तुम्ही काय उत्तर द्याल? "बेटा, तो सगळ्यांकडेच वळतो," हे उत्तर खोटे नाही. परंतु त्याने त्या मुलीचे समाधान होणार नाही, आणि खरे सांगायचे तर तुमचेही होणार नाही. तिचा प्रश्न यंत्राविषयी नाहीच. तो तुमच्याविषयी आहे. तुमच्या दारावरून एक नजर तिच्या मागे जाते, ती नजर कोणाची आणि तिला तसे जाण्याचा हक्क कोणी दिला, असे ती विचारत आहे. या प्रश्नाचा विचार आपण कुरआन आणि हदीसच्या प्रकाशात करावयाचा आहे.

पहारा देणे हा दोष नाही

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या घराचे व मालाचे रक्षण करणे अल्लाहवरील भरवशाच्या विरुद्ध नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले, हे तिर्मिजीतील हदीसमुळे आपल्याला ठाऊक आहे. रात्री झोपण्यापूर्वी दारे बंद करण्याची आणि दिवे विझवण्याची ताकीदही त्यांनीच दिली. विनाकारण कुत्रा पाळण्याने पुण्य घटते असे सांगताना शिकार, गुरेढोरे आणि शेती यांच्यासाठी पाळलेल्या कुत्र्याला त्यांनी अपवाद केला. म्हणजे राखणीची खरी गरज शरीअतने मान्य केली आहे. दारावरचा कॅमेरा हा आजच्या काळातला राखणदार आहे, आणि तेवढ्यापुरता त्यात गैर काही नाही.

मात्र आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. अखेरच्या हजच्या प्रवचनात प्रेषितांनी (स.) माणसाचे रक्त, त्याची मालमत्ता आणि त्याची अब्रू या तिन्ही गोष्टी एकाच दमात पवित्र ठरवल्या; तो दिवस, तो महिना आणि ते शहर जितके पवित्र, तितक्याच. मालमत्ता आणि अब्रू यांना त्यांनी एका पंक्तीत बसवले. तेव्हा आपली मालमत्ता राखण्यासाठी शेजाऱ्याची अब्रू खर्ची घालण्याची मुभा कोणालाही नाही. मोटारसायकल आपली आहे. परंतु गल्ली सर्वांची आहे, आणि समोरच्या घराचे दार तर मुळीच आपले नाही.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. पहारा जागेचा असतो. पाळत माणसावर ठेवली जाते. पहारेकरी दाराजवळ उभा राहतो आणि दाराशी कोण येते ते पाहतो. पाळत ठेवणारा दार सोडून माणसाच्या मागे निघतो. दाराकडे तोंड करून स्थिर असलेला कॅमेरा पहारा देतो. त्याच कॅमेऱ्यात पाठलागाचे बटण सुरू झाले की पहाऱ्याची पाळत होते. आणि ती इतकी सहज होते की बटण दाबणाऱ्यालाही आपण काय बदलले ते कळत नाही.

'यंत्राने केले' हे उत्तर पुरेसे आहे काय?

येथे कोणी म्हणेल, "आम्ही कोणाकडे पाहत नाही. कॅमेरा आपोआप वळतो. त्याला ना इरादा, ना बुद्धी. मग दोष कोणाचा?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना सूरह अल्-माइदाच्या चौथ्या आयतीकडे वळावे लागते. तेथे शिकवून तयार केलेल्या शिकारी प्राण्यांनी पकडून आणलेल्या शिकारीचा नियम आला आहे. अदी बिन हातिम (रजि.) यांनी यासंबंधी प्रेषितांना (स.) प्रश्न विचारले. त्यांच्या उत्तरांचा आशय असा की, अल्लाहचे नाव घेऊन तुम्ही शिकवलेला कुत्रा शिकारीवर सोडला आणि त्याने शिकार तुमच्यासाठी धरली, तर ती खाण्यास योग्य आहे. कुत्र्याने त्यातले स्वतः खाल्ले असेल तर ती खाऊ नका, कारण मग त्याने ती स्वतःसाठी धरली असावी. दुसरा कुत्रा त्यात मिसळला असेल तरीही खाऊ नका, कारण तुम्ही अल्लाहचे नाव आपल्या कुत्र्यावर घेतले होते, दुसऱ्यावर नव्हे.

हा नियम अन्नासंबंधीचा आहे आणि येथे तो केवळ दाखला म्हणून घेतला आहे. परंतु त्यातून एक मोठे तत्त्व हाती लागते. धावतो कुत्रा, झडप घालतो कुत्रा. तरीही हे कृत्य सोडणाऱ्याच्या नावे लिहिले जाते. मालकाची नियत, त्याने दिलेले शिक्षण आणि त्याने घातलेली मर्यादा यांवर हलाल-हरामचा निर्णय होतो. प्राण्याला नियत नसते, म्हणून ती मालकाने आधी बाळगावी लागते. आपल्या दारावरचे यंत्र त्या कुत्र्याहूनही कमी स्वतंत्र आहे. ते कोणत्या दिशेला पाहील, किती दूर जाईल, कोणाच्या मागे फिरेल आणि काय साठवेल हे सारे आपल्या मोबाइलवरून ठरते. कंपनीने पाठवलेल्या मूळ सेटिंगवरच ते चालू ठेवले, तर तोही एक निर्णयच झाला. तो आपण न वाचता घेतला, एवढेच.

हदीसमधील उरलेल्या दोन अटीही विचार करण्यासारख्या आहेत. आपल्या राखणदाराने टिपलेले चित्र केवळ आपल्यासाठी राहते, की ते दूरच्या कोणाच्या साठवणीत जाऊन पडते? आपल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड डब्यावर छापलेला तोच राहिला आहे काय, की ज्यामुळे एखादा अनोळखी 'दुसरा' त्यात मिसळू शकेल? आपण दाराच्या रक्षणासाठी सोडलेला राखणदार कोणासाठी शिकार धरतो आहे, हे पाहण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

एका आयतीतील तीन पायऱ्या

सूरह अल्-हुजुरातच्या बाराव्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना तीन गोष्टींपासून रोखले आहे: पुष्कळसे संशय, टेहळणी आणि पाठीमागची निंदा. हा क्रम नीट पाहा. आधी मनात संशय येतो. संशय माणसाला टेहळणीकडे नेतो. टेहळणीत जे हाती लागते ते जिभेवर येते. आश्चर्य असे की पाठलाग करणाऱ्या कॅमेऱ्याचे कामही नेमके याच तीन पायऱ्यांनी चालते.

पहिली पायरी हालचाल ओळखण्याची. कॅमेरा एका सेकंदात अनेक चित्रे घेतो आणि प्रत्येक चित्र आधीच्या चित्राशी ताडून पाहतो. ठरवून दिलेल्या प्रमाणापेक्षा अधिक ठिपके बदलले की तो म्हणतो, काहीतरी हलले. किती बदल झाल्यावर दखल घ्यायची हे आपण ठरवतो. त्याला संवेदनशीलता म्हणतात. ती फार वाढवली तर वाऱ्याने हललेला पडदा, दिव्याभोवतीचा किडा, पावसाची सर, दुरून जाणाऱ्या रिक्षाचा उजेड हे सारे त्याला संशयास्पद वाटू लागते आणि रात्रभर मोबाइल वाजत राहतो. नवे कॅमेरे माणसाचा आकार वेगळा ओळखतात; पण हा माणूस चोर आहे की इशाच्या नमाजहून परतणारा शेजारी, हे ओळखण्याचे साधन त्यांच्यापाशी नाही.

आपल्या मनाचेही असेच आहे. ज्याच्या मनाची संवेदनशीलता भलत्या टोकाला गेली, त्याला प्रत्येक पावलात चोर दिसतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत आणखी एक मौज आहे. तो स्वतः वळू लागला की त्याच्यासमोरचे सगळेच चित्र बदलते. भिंत, खांब, दार, सारे हलल्यासारखे दिसते. म्हणून फिरणाऱ्या कॅमेऱ्याला स्वतःची हालचाल वजा करूनच समोरचे जोखावे लागते. आपणही संशय घेताना आपल्या मनाची हालचाल वजा करतो काय?

दुसरी पायरी पाठलागाची. हलणारी वस्तू चित्राच्या मध्यभागी राहावी म्हणून आतली छोटी मोटर कॅमेऱ्याला डावी-उजवीकडे, वर-खाली फिरवते. येथे राखणीच्या दृष्टीनेही एक तोटा आहे. एकाच्या मागे वळलेला कॅमेरा तेवढा वेळ दुसरीकडे पाहत नाही. मांजराच्या किंवा पोराच्या मागे तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला, तर दार उघडेच राहिले. ज्या दारासाठी त्याला बसवले, त्याच दाराकडे त्याची पाठ झाली! इतरांच्या मागे लागणाऱ्या माणसाचे स्वतःच्या घराकडे दुर्लक्ष होते, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

तिसरी पायरी प्रसाराची. टिपलेली हालचाल मोबाइलवर येते, आणि मोबाइलवर आलेली गोष्ट मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायला एक बोट पुरते. रात्री दोन वाजता एक तरुण समोरच्या जिन्यातून घाईने उतरताना दिसला. "हा कोण? एवढ्या रात्री तिथे काय करत होता?" एवढे दोन प्रश्न आणि वीस सेकंदांची चित्रफीत. सकाळपर्यंत ती दीडशे घरांत पोहोचते. तो तरुण त्या घरातल्या आजारी वृद्धेसाठी औषध आणायला धावला होता, हे सांगणारी चित्रफीत मात्र कोणापाशी नसते.

"पण आम्ही खोटे काही पसरवले नाही, कॅमेऱ्यात जे दिसले तेच पाठवले," असे म्हणणाऱ्यांसाठी सहीह मुस्लिममधील हदीस पुरेशी आहे. आपल्या बांधवाविषयी त्याला अप्रिय वाटेल असे बोलणे म्हणजे गीबत, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्यावर कोणीतरी विचारले की ती गोष्ट त्याच्यात खरोखरच असेल तर? उत्तर मिळाले की असेल तरच ती गीबत; नसेल तर ते बालंट. म्हणजे चित्रफीत खरी असणे हा बचाव नाही. ती खरी असेल तर निंदा, आणि तिचा अर्थ चुकीचा लावला असेल तर बालंट. दोन्हींतून सुटका नाही.

जे उघड आहे आणि जे झाकलेले आहे

मग सीमारेषा कोठे ओढायची? हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडे एका माणसाला आणले गेले आणि सांगण्यात आले की याच्या दाढीतून मद्य ठिबकत आहे. त्यांचे उत्तर अबू दाऊदने नोंदवले आहे. त्याचा आशय असा की टेहळणी करण्यास आम्हाला मनाई आहे. मात्र एखादी गोष्ट आमच्यासमोर उघड झाली, तर तिची दखल आम्ही घेऊ. आपल्या उंबरठ्याशी जे चालून येते ते उघड आहे. आपली नजर ज्याच्या मागे जाऊन शोधते ते झाकलेले आहे. आपल्या कुलपाला हात लावणारा माणूस कॅमेऱ्याने टिपला, तर त्यात टेहळणी नाही. तो माणूस पुढे कोणाच्या दारात गेला आणि कोणी दार उघडले, हे टिपणे वेगळे.

एकदा एक माणूस प्रेषितांच्या (स.) घराच्या छिद्रातून आत डोकावला. त्या वेळी त्यांच्या हातात केस विंचरण्याची टोकदार काडी होती. तू पाहत आहेस हे कळले असते तर ती तुझ्या डोळ्यात खुपसली असती, अशा कठोर शब्दांत त्यांनी त्याला सुनावले आणि परवानगीचा नियम नजरेसाठीच ठरवण्यात आला आहे, असे सांगितले. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. पाय बाहेर आणि डोळा आत, तरी तो प्रवेशच ठरला. स्वतः प्रेषित (स.) कोणाच्या दारी गेले की दारासमोर न उभे राहता उजव्या वा डाव्या बाजूस उभे राहत. ज्यांची नजर जगात सर्वांत निर्मळ, त्यांनी एवढे जपले. आपला कॅमेरा मात्र समोरच्या दाराच्या नेमका समोर टांगलेला असतो आणि दार उघडले की वळून पाहतो.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयीचा एक प्रसंग ग्रंथांतून सांगितला जातो. रात्रीच्या गस्तीत एका घरातून आलेला आवाज ऐकून ते भिंतीवरून आत उतरले आणि एकाला मद्यासह पकडले. तो म्हणाला, मी एक चूक केली, पण तुम्ही तीन केल्या: टेहळणी केली, दाराऐवजी भिंतीवरून आलात आणि परवानगीवाचून आत शिरलात. खलीफांनी त्याचे म्हणणे मान्य करून माघार घेतली. राज्याच्या सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्या खांद्यावर होती, त्यांच्याविषयी आपला समाज हा प्रसंग अभिमानाने सांगत आला आहे. एका मोटारसायकलीच्या सुरक्षेसाठी आपण त्याहून मोठा अधिकार कसा घेणार?

आणि हेही विसरू नये की संशयाच्या नजरेखाली वावरणे काय असते, याचा अनुभव आपल्या समाजाला आहे. आपला तरुण मुलगा रात्री उशिरा परतताना कोणी त्याच्याकडे चोर म्हणून पाहिले तर आपले काळीज चरकते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणाला मूलभूत हक्क म्हटले, तेव्हा आपल्यालाही आधार वाटला. जो हक्क आपण आपल्यासाठी मागतो, तो शेजाऱ्याला नाकारून कसे चालेल?

मग काय करावे?

कॅमेरा काढून टाका, असे या लेखाचे म्हणणे नाही. त्याला अदब शिकवा, एवढेच म्हणणे आहे; आणि हे काम अर्ध्या तासाचे आहे.

गल्लीकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्याचे आपोआप पाठलाग करणे बंद ठेवा आणि त्याला आपल्या दारावर व गाडीवर स्थिर करा. हालचाल ओळखण्याचा टापू चौकट आखून ठरवता येतो. ती चौकट आपल्या उंबरठ्यापुरती आखा. शेजाऱ्याचे दार, खिडकी किंवा कपडे वाळत घालण्याची गच्ची चित्रात येत असेल, तर तेवढा भाग झाकण्याची सोय पुष्कळ कॅमेऱ्यांत असते. ती वापरा, किंवा कॅमेऱ्याची दिशाच बदला. बंदिस्त अंगणात, गोदामात वा बंद दुकानात, जेथे रात्री कोणी असणे अपेक्षितच नाही, तेथे पाठलागाची सोय जरूर ठेवा; तेथे फिरणारी नजर कोणाच्या खाजगी जीवनावर पडत नाही.

आवाज टिपण्याची सोय बंद करा. बोलताना एखाद्याने मागे वळून पाहिले, तर त्याचे ते बोलणे आपल्यापाशी अमानत ठरते, अशी हदीस आहे. दारातून जाता-जाता बोलणाऱ्याला तर मागे वळून पाहायचे हेही सुचणार नाही. चित्रे किती दिवस ठेवायची ते ठरवा; गरज संपल्यावर ती आपोआप पुसली जाऊ द्या. मूळ पासवर्ड बदला आणि कोणाच्या मोबाइलवर चित्र दिसावे हे घरातल्या मोठ्यांनी ठरवावे. चोरी झालीच, तर चित्रफीत पोलिसांकडे द्या, ग्रुपवर नको.

घराच्या आत कॅमेरा लावताना अधिक जपले पाहिजे. सूरह अन्-नूरच्या अठ्ठावन्नाव्या आयतीत पहाटेच्या नमाजपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर घरातल्या सेवकांनी व अजाण मुलांनीही परवानगीवाचून आत येऊ नये असे सांगितले आहे. जेथे स्वतःच्या मुलाला थांबावे लागते, तेथे न थांबणारे यंत्र कसे बसवावे? वृद्ध आई-वडिलांच्या काळजीपोटी खोलीत कॅमेरा लावण्याची वेळ आली तर त्यांना विचारा, समजावून सांगा, त्यांच्या संमतीनेच लावा. घरकामाला येणाऱ्या बाईलाही तो कोठे आहे हे सांगा. लपवलेला कॅमेरा आणि भिंतीतले छिद्र यांत फरक नाही.

आणि सर्वांत आधी समोरच्या घरी जा. कॅमेऱ्यात काय दिसते ते तुमच्या मोबाइलवर त्यांना दाखवा, आणि त्यांना काय खुपते ते विचारा. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही त्याचे ईमान पूर्ण नाही, असा इशारा प्रेषितांनी (स.) दिला आहे. शेजाऱ्याचे निर्धास्त असणे हीदेखील गल्लीची सुरक्षाच आहे. ज्या गल्लीत माणसे एकमेकांच्या घरी विचारून जातात, तेथे अनोळखी पाऊल कॅमेऱ्याआधी शेजाऱ्याला ओळखू येते.

पाहणारा आणि झाकणारा

शेवटी, आपल्या प्रत्येकावर एक नजर आहेच. अल्लाह रकीब आहे. डोळ्यांची चोरटी हालचालही त्याच्यापासून लपत नाही, आणि लिहिणारे फरिश्ते प्रत्येकाच्या सोबत आहेत. परंतु त्याच्या पाहण्यात आणि आपल्या पाहण्यात एक अंतर आहे. तो सर्व काही पाहतो आणि तरीही झाकतो. आपण थोडेसे पाहतो आणि लगेच उघड करतो. तो सत्तार आहे. त्याने आपल्या किती गोष्टी झाकून ठेवल्या, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. ज्याने एखाद्या मुस्लिमाचे झाकले, त्याचे अल्लाह इहलोकी व परलोकी झाकील, असे वचन आहे. आणि जो लोकांच्या उणिवांचा माग काढतो, त्याच्या उणिवांचा माग अल्लाह काढील, मग तो आपल्या घरात दडून बसला तरी, असा इशाराही आहे.

म्हणून आज रात्री कॅमेऱ्याची दिशा पाहून घ्या. उद्या त्या मुलीने पुन्हा विचारले, तर तुम्हाला सांगता आले पाहिजे, "बेटा, आता तो फक्त आमच्या दाराकडे पाहतो."

अल्लाह आपल्या घरांचे रक्षण करो, आपल्या नजरांना लज्जा देवो आणि आपल्या उणिवांवर पांघरूण घालो. आमीन.